साताऱ्याला राहायला यावं का? दमा असलेल्या मुलाच्या आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात हिंजवडीच्या बाजूला राहणारं कुटुंब. ९ वर्षांच्या मुलाला दमा. सासरे सत्तरीला आलेले, त्यांना सीओपीडी, म्हणजे वर्षानुवर्षांच्या धुरानं श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या. नवऱ्याला आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस गाठावं लागतं. माहेर सांगलीचं, सासरचं मूळ गाव कोरेगाव तालुक्यातलं. आई विचारते, "हवा स्वच्छ असेल आणि मुलाला मोकळ्यावर खेळता येईल असं शहर हवं आहे. साताऱ्याला यावं, सांगलीला जावं, की सरळ पाचगणी गाठावी? आणि तिकडं आलो तर दम्याचा पंप (इन्हेलर) सुटेल का?"

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. प्रॅक्टिस साताऱ्यात, पण सांगली-मिरजेकडचे पेशंटही नेहमी येतात. त्यामुळे आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. मुलासाठी सातारा चांगला आहे, फक्त साताऱ्याच्या कुठल्या भागात राहायचं ते पारखून घ्या. सासऱ्यांच्या दृष्टीनं सांगली-मिरज जास्त सोयीचं पडेल. पाचगणी-महाबळेश्वर या मुलासाठी मी सुचवणार नाही. आणि गाव बदललं म्हणून पंप सुटत नाही.

'स्वच्छ हवेची शहरं' म्हणून ज्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्यांच्या भरवशावर बिऱ्हाड हलवू नका. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यातल्या हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत सांगली आहे, सातारा नाही. लोक लगेच म्हणतात, बघा, सातारा स्वच्छ! पण ती यादी जिथं वर्षानुवर्षं हवा मोजली जात होती आणि सलग धुळीचं प्रमाण मर्यादेबाहेर होतं, अशा शहरांची आहे. जिथं नियमित मोजमापच नव्हतं, ते गाव यादीत येणार कुठून? दुसरी यादी स्वच्छ वायू सर्वेक्षणाची. २०२३ मध्ये ३ ते १० लाख वस्तीच्या शहरांत अमरावतीचा पहिला नंबर आला, आणि तीच अमरावती हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीतही आहे. यात विसंगती नाही. सर्वेक्षणाचे बहुतेक गुण कामाला मिळतात: रस्ते झाडले का, कचरा जाळणं थांबवलं का, बांधकामाची धूळ आवरली का. हे काम मोलाचं आहे आणि अमरावतीचं कौतुकच आहे, पण त्या नंबरावरून मुलाच्या छातीत काय जातंय ते कळत नाही.

मोबाइलवर दिसणारा हवेचा आकडाही असाच तपासून घ्या. तो कुठल्या केंद्रावरचा आहे, ते आधी बघा. जवळ केंद्र नसेल तर बरीच अ‍ॅप्स उपग्रह आणि गणिती अंदाजावरून आकडा दाखवतात. तो अंदाज अख्ख्या तालुक्यासाठी ठीक असेल, तुमच्या गल्लीसाठी नाही. शिवाय या आकड्यात, म्हणजे हवेच्या गुणवत्ता निर्देशांकात (एक्यूआय), आपल्याकडं ५१ ते १०० ला 'समाधानकारक' म्हणतात. सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची, आपली वर्षाची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ती ५ वर आणली. दिवसाची मर्यादा आपली ६०, त्यांची १५. दम्याच्या मुलाला 'समाधानकारक' दिवशीही खोकला लागू शकतो, तो याच फरकामुळं. आई म्हणते "आकडा तर हिरवा आहे, मग हा का खोकतोय?" तेव्हा मी मुलावर विश्वास ठेवतो.

आता आपल्या भागाकडं वळू. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. सातारा शहरात हजाराच्या आसपास. सांगलीला पोचेपर्यंत तो पाचशे-सहाशेवर येतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा आणि पाऊस मिळून दोन्ही जिल्ह्यांतली हवा धुऊन काढतात. त्या चार महिन्यांत साताऱ्यातच काय, सांगलीच्या भर बाजारपेठेतही हवा छान असते. म्हणून सप्टेंबरात कासची फुलं बघायला आलात, यवतेश्वरच्या घाटात गाडीच्या काचा खाली केल्या आणि "इथंच राहू या" असं वाटलं, तर त्या वाटण्यावर फ्लॅटचं टोकन देऊ नका. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, ते बघायलाच हवं. पण हवा पारखायची ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

थंडीच्या दिवसांत साताऱ्यातल्या 'चार भिंती' टेकडीवर किंवा अजिंक्यतारा किल्ल्यावर सकाळी सातला उभं राहून बघा. मी पेशंटच्या नातेवाइकांना मुद्दाम हे करायला सांगतो. रात्री आभाळ निरभ्र असतं, जमीन गार पडते, जड झालेली गार हवा डोंगरउतारावरून खाली घरंगळते आणि सखल भागात साचते. तिच्या वर उबदार हवेचं झाकण बसतं. खाली पोवई नाक्याच्या बाजूला घराघरांतून धूर निघतो, सरळ वर चढतो आणि एका ठरावीक उंचीवर आल्यावर मोडून आडवा होतो. सगळ्या घरांचा धूर त्याच एका रेषेत. करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा शहरावर पसरतो, उंच इमारतींचे वरचे मजले त्याच्या बाहेर आणि खालची वस्ती आत. ऊन चढून जमीन तापली की नऊ-साडेनऊला हा पट्टा फाटतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, घर थोडं चढावर असलेलं बरं. गार हवा तिथून खाली वाहून जाते, साचत नाही. दुसरी फिरण्याच्या वेळेची, आणि ती लोकांना पटता पटत नाही. पहाटे पाचला फिरायला जाणं हा आपल्याकडं संस्कारच आहे. एक निवृत्त गुरुजी हायवेच्या सर्व्हिस रोडनं रोज पहाटे फिरायचे आणि थंडीभर खोकायचे. मी वेळ बदला म्हणालो तर म्हणाले, "डॉक्टर, पहाटंची हवा म्हंजी औषधच असती न्हवं?" उन्हाळ्या-पावसाळ्यात असेल हो. पण डिसेंबरात पहाटे धूर सगळ्यात खाली आणि सगळ्यात दाट असतो, त्यात शेजारून ट्रक चाललेले. साडेनऊनंतर कुरणेश्वरच्या बाजूला फिरायचं ठरलं. औषधं तीच राहिली आणि खोकला निम्म्यावर आला. तुमच्या मुलाचं क्रिकेट किंवा सायकल थंडीत सकाळी नऊनंतर नाहीतर दुपारी चार-पाचला ठेवा. संध्याकाळी सातनंतर पुन्हा धूर खाली बसायला लागतो.

हा धूर येतो कुठून? गाड्यांचा आहेच. पण पेठांमधल्या गल्ल्यांत थंडीच्या सकाळी मोठा वाटा अंघोळीचं पाणी तापवायच्या बंबाचा असतो. तांब्याचा बंब, त्यात ढलप्या, नारळाच्या शेंड्या, आणि पेटवण घ्यायला दुधाची पिशवी नाहीतर चपलेचा तुकडा. लाकडाचा धूर वाईट आहेच, प्लॅस्टिकचा त्याहून कितीतरी वाईट. बंब परसात किंवा बोळात असतो आणि शेजारच्या घराची झोपायची खिडकी नेमकी त्याच बोळात उघडते. मुलाला पहाटे घरघर का लागते याचा शोध घेताना माझा पहिला प्रश्न असतो, "तुमच्या खिडकीखाली कुणाचा बंब आहे?" काही घरांत मुलाची खोली बदलल्यावर आराम पडला. काही ठिकाणी शेजारच्या काकूंना जाऊन समजावलं, त्यांनी प्लॅस्टिक घालणं थांबवलं. सोलर बसवणं उत्तमच, पण शेजाऱ्याला नुसतं "तेवढी पिशवी घालू नका, पोराला धाप लागते" म्हटलं तरी बहुतेक माणसं ऐकतात.

सांगलीकडं बंबाच्या जोडीला ऊस येतो. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटतात ती मार्च-एप्रिलपर्यंत. तोड झाली की फडात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, राहतं आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणारं पुढचं पीक, मोकळा करायला ते पेटवून देतात. संध्याकाळी अशी तीन-चार शिवारं पेटली की धूर रात्रभर गावावर बसतो. गुऱ्हाळांचा धूर वेगळा. कारखान्याच्या बॉयलरमध्ये रस काढलेल्या उसाचं चिपाड जळतं, त्याची हलकी काळी राख गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बोटानं टिपता येते. शेतकऱ्याला दोष देऊन हे सुटणार नाही. मजूर मिळत नाहीत, पुढचं पाणी द्यायची घाई असते. पण कुट्टी करून पाचट सरीतच आच्छादन म्हणून ठेवणारे शेतकरी दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांचं पाणी वाचतं, जमीन सुधारते, आणि माझ्या दवाखान्यातली गर्दीही कमी होते. ज्या कारखान्यांनी आणि गावांनी हे मनावर घेतलं, त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. तुमचं कोरेगावकडचं गाव उसाच्या पट्ट्यात असेल तर 'सातारा जिल्हा' म्हणून ते आपोआप स्वच्छ धरू नका. तिथं राहायचं झालं तर वस्तीपासून फड किती अंतरावर आहे ते पाहा.

सांगलीची दुसरी गोष्ट धुळीची. काळी माती. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांना लागून ती डांबरावर येते, वाळते, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर उडते. हे जाड कण नाक-घशात अडकतात, फुप्फुसात फार खोल जात नाहीत, पण दम्याच्या नाकाला तेवढंही पुरतं. हळदीच्या पॉलिशची धूळ त्या भागात काम करणाऱ्यांना त्रास देते. तिसरी गोष्ट महापुराची. २००५, २०१९, २०२१. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी उतरतं, पण भिंत पुढं कितीतरी महिने ओली राहते आणि रंगाच्या आड बुरशी धरते. माहेरचं घर पूररेषेच्या आत असेल तर तळमजल्यावर मुलाला झोपवू नका. नवा रंग दिलेल्या भिंतीला बुडाशी हात लावून बघा. पोपडे सुटले असतील किंवा कुबट वास येत असेल, तर ते घर दम्यासाठी नाही.

पाचगणीबद्दल. लोकांच्या मनात डोंगराची हवा म्हणजे छातीला औषध हे का बसलं, याला इतिहास आहे. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. मिरजेजवळ वॉन्लेसवाडीला मिशनचं सॅनेटोरियम होतं. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध येण्याआधी क्षयावर मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न यांच्यापलीकडं डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. पण दमा हा क्षय नव्हे. दम्याचे मोठे शत्रू म्हणजे गादी-उशीत वाढणारे धुळीतले सूक्ष्म किडे आणि बुरशी, आणि दोघांनाही ओल लागते. पाचगणी-महाबळेश्वरात पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते. बाहेरची हवा कितीही निर्मळ असली तरी मूल घराच्या आत झोपतं. तिथल्या शाळांच्या वसतिगृहात राहून तब्येत उत्तम असलेली दमेकरी मुलंही मी पाहिली आहेत, ती औषध नियमित घेणारी असतात. मे महिन्यात आठ दिवस जरूर जा.

सासऱ्यांचा विचार वेगळा करा. सातारा म्हणजे चढ-उतार. राजवाड्याकडून खाली आलं की परत चढणं आलंच. सीओपीडीच्या माणसाला चढ नकोसा होतो, मग तो बाहेर पडणंच बंद करतो, पायांतली ताकद जाते आणि धाप आणखी वाढते. ही घसरण मी फार घरांत पाहिली आहे, आणि ती हवेच्या आकड्यापेक्षा जास्त नुकसान करते. सांगली सपाट. आमराईत सावलीत फिरावं, बाकावर टेकावं, पुन्हा उठावं. हरिपूरचा झाडांचा रस्ता, कृष्णेचा घाट, हे सगळं त्यांच्या दमात बसणारं आहे. शिवाय मध्यरात्री धाप वाढली तर मिरज हाताशी. १९६२ पासूनचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, मिशनच्या दवाखान्याची जुनी परंपरा, आयसीयूंची संख्या, यात मिरजेची बरोबरी या भागात सहज होत नाही. साताऱ्यातही आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, पण मिरजेचा अनुभव मोठा. सगळे मिळून साताऱ्यातच राहणार असाल तर सासऱ्यांसाठी लिफ्टचं किंवा तळमजल्याचं घर आणि दारापासून निदान दोन-अडीचशे पावलं सपाट रस्ता, ही अट सोडू नका. आणि ते अजून विडी ओढत असतील, तर ती सुटल्याशिवाय कुठल्याही गावची हवा त्यांना उपयोगी पडणार नाही. हे त्यांना प्रेमानं, पण स्पष्ट सांगा.

मुलासाठी मात्र साताऱ्याची बरोबरी अवघड. शाळेतून आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत डोंगर. अजिंक्यतारा, चार भिंती, महादरेचं रान, थोडं मोठं झाल्यावर जरंडा आणि सज्जनगड. यवतेश्वरचा घाट चढून उतरणारी हिल मॅरेथॉन या गावात रुजल्यापासून घरोघरी पळणारी माणसं तयार झाली आहेत, आणि असं वातावरण मुलाला आपोआप बाहेर ओढतं. दमा आहे म्हणून त्याला बाकावर बसवू नका. दमा ताब्यात असेल तर तो सगळं करू शकतो. पळण्याआधी दहा मिनिटं हलकं अंग मोकळं करायचं, आणि पळताना घरघर लागत असेल तर खेळाआधी पंपाचा डोस घ्यायचा का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. एक सावधगिरी पावसाळ्याच्या शेवटाची. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवतं फुलतात आणि नव्या वसाहतींतल्या रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत छातीएवढं होतं. शेजारचा प्लॉट ऑगस्टमध्येच, फुलं यायच्या आत काढून घ्या. उपटणाऱ्याच्या हातात मोजे आणि तोंडाला मास्क हवा.

घर बघताना एजंटबरोबर दुपारी जाऊ नका. जानेवारीत सकाळी साडेसहाला आणि रात्री आठला त्याच गल्लीत उभे राहा आणि नाकानं तपासा. हायवेपासून किमान तीनशे मीटर आत. धूर त्या अंतरात झपाट्यानं विरतो. ट्रक गिअर बदलतात त्या चढालगत नको. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामाची धूळ कुठल्या टप्प्यात उडते ते बघा. खडी क्रशर, वीटभट्टी, लाकडाच्या भट्टीवरची बेकरी, तंदूरचा ढाबा यांपैकी काही खिडकीसमोर नको. शाहूनगरच्या वरच्या अंगाला, समर्थ मंदिर-बोगद्याकडच्या चढावर, गोडोलीच्या वरच्या बाजूला शोधायला सुरुवात करा. पण भागाच्या नावावर जाऊ नका, एकाच कॉलनीत वरची ओळ आणि खालची ओळ यांत फरक पडतो. चढावर पाणी किती दाबानं येतं, तेही शेजाऱ्यांना विचारा.

आणि बाहेरचं सगळं जमवून घरात मच्छर कॉइल लावली, तर काय मिळवलं? एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं मोजमाप झालेलं आहे. मुलाच्या खोलीत दार बंद करून कॉइल लावणारे सुशिक्षित आईबाप मला रोज भेटतात. मच्छरदाणी लावा. धूप-उदबत्ती देवघरात, खिडकी उघडी ठेवून, मूल बाहेर असताना. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट फॅन सुरू ठेवा.

आता पंपाचं. दम्याचा रोजचा पंप श्वासनलिकांची आतली सूज कमी ठेवतो. साताऱ्याला आल्यावर पहिले दोन-तीन महिने मूल इतकं छान राहतं की घरचे पंप आपणहून बंद करतात, आणि मग डिसेंबरात मध्यरात्री मुलाला उचलून माझ्याकडं आणतात. त्रास पूर्ण ताब्यात येऊन निदान तीन महिने झाले की डॉक्टर डोस पायरी-पायरीनं कमी करतात. हवा चांगली मिळाली तर ती पायरी लवकर गाठता येईल, एवढी आशा नक्की धरा. मुलाला आणि सासऱ्यांना, दोघांनाही फ्लूची लस दर वर्षी, आणि सासऱ्यांना न्यूमोनियाची लस दिली आहे का ते तपासा.

वेळापत्रक असं ठेवा. शाळा जूनला सुरू होते, म्हणून पक्का मुक्काम मे महिन्यात हलवा, पण त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी साताऱ्यात आठ-दहा दिवस भाड्यानं राहून बघा. जमल्यास तेवढेच दिवस सांगलीत माहेरी. पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोरात जाते ते मोजणारी छोटी नळी, कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळतो. मुलानं सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. पुण्यात आत्तापासून पंधरा दिवस लिहायला लागा, म्हणजे त्याचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा कळेल. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर निर्धास्त, ५० ते ८० मध्ये सावध होऊन डॉक्टरांना फोन, ५० च्या खाली लगेच दवाखाना. तिन्ही गावच्या नोंदी समोर ठेवून निर्णय घ्या. वही, स्पायरोमेट्रीचे (फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीचे) जुने रिपोर्ट आणि सगळे पंप घेऊन नव्या गावच्या डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात भेटा, त्रास व्हायची वाट बघू नका. शाळेच्या दप्तरात तातडीचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) ठेवा, आणि तो कधी आणि कसा द्यायचा हे वर्गशिक्षिकेला प्रत्यक्ष दाखवून या.